बाबांच्या पोटातली खांड

खाडीच्या बांधाला भगदाड पडलं की आमच्याकडे त्याला खांड म्हणतात. खांड गेल्याची हाळी आली की बाबा भरल्या ताटावरून उठायचे. सगळा गावच चिखल घेऊन धावायचा, कारण पुढच्या भरतीच्या आत ती बुजवली नाही तर खारं पाणी शेतात शिरतं आणि मग वर्षानुवर्षं तिथे भात पिकत नाही.

त्याच बाबांना शौचावाटे रक्त जायला लागलं, तर म्हणे मूळव्याध! ओढत पनवेलला नेऊन तपासलं तेव्हा मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. अजून बाहेर कुठे गेलेली नाही, लगेच काढून टाकू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण घरी भावकी बसली. "सुरी लावली का त्ये पसरतं," एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पसरतं डोंबल! मी भांडले, रडले, जेवण सोडलं. बाबा ढिम्म. "नाय म्हंजे नाय," म्हणाले आणि कुणीतरी दिलेला झाडपाला उकळून पीत राहिले.

पावसाळा सरला तेव्हा त्यांचे डोळे पिवळे झाले होते. पुन्हा स्कॅन केला. यकृतभर गाठी होत्या.

"सुरी लावलीच नाय, मंग पसरलं कसं?" बाबांनी विचारलं. खरंच विचारत होते हो, वाद घालत नव्हते.

बाईंनी समजावलं. गाठीतल्या पेशी सुटून रक्तातून फिरतात, पण बहुतेक मरतात. आजूबाजूचं मांस जिथे थारा देतं तिथेच त्या रुजतात. गाठ जितकी मुक्काम करते तितकी भोवतालच्या चांगल्या पेशींनाही आपल्या बाजूला वळवते. मग त्याच तिला पोसतात, वाट करून देतात. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, तिथे तिला असाच थारा मिळाला.

"म्हंजे एकट्या पान्याचा दोष नसतो," बाबा म्हणाले. "बांधाची मातीच आतून भुसभुशीत होते."

बाई हो म्हणाल्या.

"मंग ही खांड आता कदी बुजवायची?"

सुरीला हा माणूस आज तयार झाला होता! बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बाबांना तेवढं पुरलं. जन्मात त्यांनी भरतीची वेळ चुकवली नव्हती; ही एकच चुकली होती.

"चल बाय घरी," ते मला म्हणाले, "शेत खारं झालं."