सुनीताची जागा

शिरूर स्टँडवरून एसटी हलली तेव्हाच मी वैतागलेली होते. मी नर्स. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजी लेखनाची परीक्षा द्यायची, आणि तीत मी दोनदा आपटले होते. व्याकरण चोख, पण वाचताना औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाटाव्यात. 'गिव्ह अप', 'गेट ओव्हर' असलं जे बोलताबोलता येतं, ते माझ्या लिखाणाकडे फिरकत नव्हतं. आता शेवटची संधी उरली होती. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "केडगावच्या पुढं एका बाईंचा क्लास आहे. एकदा बसून ये."

न्हावरे मागे पडलं, भीमेचा पूल ओलांडला, आणि दोन्हीकडे उसाच्या भिंती सुरू झाल्या. कंडक्टरनं मला एक फाटा आधीच उतरवलं. भर दुपारी चालत निघाले, शिव्या घालत. वाटेतल्या गुऱ्हाळावर पाणी मागितलं, तर तिथल्या मावशींनी भाकरी आणि काकवी (उसाचा दाट पाक) पुढे केली. पोटात ऊन ऊन गोड गेलं आणि जिवात जीव आला.

"बाईंच्या क्लासला व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो. घरी असतील ना?"

"हायेत की. कुठं जात्यात त्या? पर दावतील तिथंच बसा."

वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ जण बसलेले. कोणी कुणाशी बोलत नव्हतं. पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्यांनी, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, खिडकीजवळची मोकळी जागा दाखवली. मी बसले. त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

"गुड आफ्टरनून," बाईचा आवाज आला, आणि सगळे उठून उभे राहिले. मीही उठले. काय करणार?

शेजारच्या मुलीनं हळूच सांगितलं. बाई म्हणजे आप्पांची बायको, हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. क्लास चालू असताना आप्पांनी टेप केला होता. त्यात पोरांची उत्तरं आलीच नाहीत, नुसत्या मोकळ्या फटी आल्या. त्या फटी हे लोक भरतात. जो ज्या जागेवर बसेल, त्यानं तिथल्या जुन्या विद्यार्थ्याच्या नावानं उत्तर द्यायचं.

"संजय, यू टेल," टेप म्हणाली. समोरच्या पिकल्या केसांच्या माणसानं वाक्य सांगितलं. "गुड, संजय." त्याच्या तोंडावर शाबासकीचा आनंद उमटला.

"सुनीता. गिव्ह अप."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बरोबर वाक्य सांगितलं.

"नो, सुनीता. अगेन."

"सुनीता हितं चुकती," मुलगी कुजबुजली. "तुमीबी चुका."

मला राग आला. एवढ्या लांब मी चुकायला आले होते? तरी मुद्दाम चुकीचं बोलले. टेपमधली बाई हसली आणि इतक्या मायेनं समजावू लागली, की राग कुठल्या कुठं गेला. ते वाक्य मी आता जन्मात विसरायची नाही.

मग आप्पांनी कॅसेट उलटली. त्या बाजूला बराच वेळ धडा चालला, आणि शेवटी बाई म्हणाली, "सुनीता, आता तुझं स्वतःचं सांग. गेट ओव्हर. कशातून बाहेर पडता येत नाही तुला?"

नुसती खरखर. सगळ्यांनी माना खाली घातल्या. इथं कोणी बोलत नसावं. खिडकीबाहेरचा ऊसही हलत नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी बोलायला लागले. इंग्रजीत. माझे बाबा माझ्याच वॉर्डात गेले, ती खाट अजून तिथं आहे, मी रोज तिच्यावर चादर बदलते. शब्द शोधावे लागले नाहीत. 'आय कॅन्ट गेट ओव्हर इट' असं म्हणाले आणि थांबले.

"बास," टेपमधली बाई हळूच म्हणाली. "हेच लिही."

आप्पांनी बटण बंद केलं.

निघताना मी विचारलं, "आप्पा, तेव्हा सुनीता काय बोलली होती?"

"कायच न्हाई. ही बाजू दुसऱ्या दिवसाची हाय. सुनीता आलीच नव्हती तवा. जागा मोकळी व्हती."

"मग बाई कोणाशी बोलल्या?"

"मीबी इचारलं. म्हनल्या, बसंल कुनीतरी." त्यांनी लेकरू पदरात घ्यावं तशी कॅसेट उपरण्यात घेतली. "क्लास मोडला तर त्या बोलत्याल कुनाशी, ताई?"

परतीच्या गाडीत उसाकडे बघायचा मला धीर झाला नाही. डोळे मिटून बसले ते थेट शिरूरला उघडले.

परीक्षेत मी त्या खाटेबद्दलच लिहिलं आणि पास झाले. खरं म्हणजे बाबांचं मी कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते एका मेलेल्या बाईनं, परक्या भाषेत. याचं भय वाटायला हवं, पण मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

निकाल कळला तेव्हा आईनं मला जवळ घेतलं. म्हणाली, "एवढं काय लिहिलंस गं? मला सांग की आपल्या भाषेत."

मी तोंड उघडलं, आणि एक शब्दही येईना.