शलाकाच्या बोटाची नोंद

शलाका गेली त्याला आज पाच आठवडे झाले. मुलुंडच्या तिच्या घरी, भर दुपारी, मी उशाशी बसले होते. खोलीत स्पिरिटचा वास कोंडला होता आणि तिच्या उजव्या हाताची तर्जनी माझ्या मुठीत होती... ओल्या वातीसारखी मऊ, न पेटणारी. माझ्या या धाकट्या बहिणीने पंधरा वर्षे त्या एका बोटावर नोकरी केली.

मोबाइलच्या पडद्यावरची यादी बोटाने वर सरकवली की ती वाहते की अडखळते, हे मोजणे तिचे काम. पडदा सेकंदाला साठ चित्रे काढतो. त्यातले एक जरी उशिरा आले तरी घासात खडा यावा तसे डोळ्याला कळते, असे ती सांगे. मी कविता शिकवणारी. “तू मात्रा मोज, मी चित्रं मोजते. दोघींनाही कुणी विचारत नाही!” असे म्हणून ती हसे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या अंधेरीच्या ऑफिसात एका अ‍ॅपमधली यादी मध्येच थबकू लागली. ते अ‍ॅप लिहिणाऱ्या रूपेशकडे तिने ते तीनदा परत पाठवले. तो वैतागला. “मॅडम, माझ्याकडे लोण्यासारखं सरकतंय. तुमच्याच हाताला काय झालंय बघा ना!” सगळे हसले, तीही हसली. त्याच संध्याकाळी ती पार्ल्याला माझ्याकडे आली आणि ओट्यावर एक कागद पसरला. त्यावर दोन रेषा होत्या. वरची पडद्यावरच्या चित्रांची, खालची बोटाच्या हालचालीची. वरची अखंड होती. खालची जागोजागी तुटत होती.

“ताई, यादी अडखळत नाहीये गं. माझं बोट अडखळतंय.”

मी चहा गाळत होते. आल्याची वाफ चष्म्यावर आली होती. “दिवसभर तेच करतेस, अवघडलं असेल. उगाच काहीतरी मनात आणू नकोस.”

तिने कागदाची घडी घातली. थोरलीचा शब्द मानून पुढे पाच महिने ती डॉक्टरांकडे गेली नाही. मज्जातंतूंच्या त्या आजारावर तेव्हाही उपाय नव्हता, असे सगळे मला समजावतात... पण ते पाच महिने ती त्या कागदासोबत एकटी होती.

पुढे ऑफिसने तिच्या धडधाकट बोटाची जुनी नोंद यंत्राला दिली. तीच हालचाल यंत्र पडद्यावर हुबेहूब करी. शलाकाने हट्ट धरला, आताच्या बोटाचीही नोंद ठेवा. “आजारी माणसं, म्हातारी माणसं मोबाइल वापरत नाहीत का रे?” रूपेशने घरी येऊन ती नोंद घेतली. कितीतरी दिवसांनी त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली.

परवा तो भेटायला आला. “रोज सकाळी पहिली चाचणी मॅडमच्याच बोटाची असते,” तो म्हणाला. “यादी आपोआप सरकते. आम्ही नुसते बघत उभे राहतो.”

“आणि दुसरी नोंद?”

त्याने कप बशीत ठेवला. “ऑफिसने काढायला लावली. चाचणीचे आकडे बिघडत होते.”

मी त्याला काय बोलणार... ते अडखळणारे बोट पहिल्यांदा अमान्य केले, ते मीच.