घोडीवरून उतरवलेली वहिनी

शेजारच्या काकूंकडे फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. संजयचा, माझ्या भाच्याचा आवाज. "आत्या, आई गेली. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हार्ट." मी म्हटलं, "बरं, येते." बस्स. रडू नाही आलं, राग आला. घाटकोपरहून मुलुंडला पोचेपर्यंत बसमध्ये मी तोच राग धरून बसले होते, आणि आज दीड महिना झाला तरी तो उतरलेला नाही. आमचे हे म्हणतात, पेपरात लिहितेस तर चांगलंच लिही, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. वहिनीबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. बाकीचे सगळे जिवंत आहेत.

लीला, माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. मालवणकडची. मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, सगळी हयात गोळ्यांच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेली. संपात दादाची गिरणी बंद पडली, तो खाटेवर बसला तो बसलाच... त्याला आणि संजयला तिनेच पोसलं. दादा गेला, पुढच्या वर्षी ती रिटायर झाली. आम्हाला वाटलं, आता देवदेव करेल, फार तर भजनी मंडळात जाईल. आणि एका रविवारी मी गेले तर ही बाई सलवार-कमीज घालून जिना चढतेय, केस विस्कटलेले, घामाने निथळतेय! मी म्हटलं, "अगं बाई, हे काय ध्यान?" तर डोळे मिचकावून म्हणते, "घोड्यार बसान इलंय."

तिच्या बिल्डिंगच्या मागे इस्माईलभाईंचा तबेला होता. लग्नात नवरदेवासाठी भाड्याने द्यायच्या घोड्या. वरात असो नसो, त्यांना रोज सकाळी फिरवून आणावं लागतं, नाहीतर पाय आखडतात. वहिनीही त्याच रस्त्याने, मिठागरांकडे, चालायला जायची. जाता जाता चांदणी नावाच्या पांढऱ्या घोडीला रात्रीची चपाती द्यायची. इस्माईलभाईंनी एकदा गमतीत विचारलं, "बैठोगी क्या, चाची?" त्यांना काय ठाऊक, ही हो म्हणेल. दगडावर चढली आणि बसली. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा सुजल्या की मी तेल चोळून दिलं. एकदा पडलीसुद्धा, कोपर सोलवटलं, संजयला सांगितलं जिन्यात घसरले. पण सोडलं नाही. लगाम कसा धरायचा, रिकिबीत पाय किती घालायचा, हे ती मला भाजी निवडता निवडता सांगायची, जसं काही मीही उद्यापासून बसणार होते.

एकदा मला बघायला घेऊन गेली. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं हसू येईल. पण ती बसली आणि हसू आलंच नाही. त्या बाईची पाठ मी आयुष्यभर वाकलेलीच पाहिली होती, पाकिटांवर, स्टोव्हवर, दादाच्या खाटेवर. आता ती ताठ होती. मिठागराच्या बांधाने चांदणी दुडक्या चालीने निघाली आणि वहिनी मोठ्याने हसत सुटली, एकटीच. परत आली, खाली उतरली, म्हणाली, "शालू, वरसून सगळा येगळाच दिसता गो. थंय माका कोण हाक मारणा नाय." मालवणी ती फक्त खुशीत असली की बोलायची. त्या दोन वर्षांत तिच्या तोंडून मी भरपूर मालवणी ऐकली.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलाचं लग्न निघालं. मारुतीच्या देवळापासून हॉलपर्यंत नवरदेव घोडीवरून. घोडी चांदणीच. नवरदेवाच्या मित्रांनी नाचता नाचता फटाक्यांची माळ लावली, तीही घोडीच्या पायाशी. जनावर बिथरलं, नवरदेव खाली आला आणि मनगट मोडलं. आता चूक कोणाची? आंधळ्यालाही दिसेल. पण त्या बाईंनी हॉलच्या दारातच तोंड सोडलं. "त्या घोडीवर रोज विधवा बसते! सकाळी विधवा आणि संध्याकाळी माझा मुलगा! दुसरं काय होणार?" पन्नास माणसं उभी होती, एकानेही म्हटलं नाही की अहो, माळ तुमच्याच लोकांनी लावली. सगळं खापर वहिनीच्या डोक्यावर. ठरलेल्या वरातीवाल्यांनी चांदणी नको म्हणून सांगितलं. इस्माईलभाई हात जोडून दारात आले. "चाची, लोग पूछते हैं, वही घोडी है क्या. मैं क्या बोलूं?" त्यांचा मला राग नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. वहिनीने तोडगाही काढला. लग्नसराईत बसणार नाही, चातुर्मासात बसेन, तेव्हा कुठे मुहूर्त असतात! इस्माईलभाई लगेच कबूल झाले. आड आला तो संजय.

त्याचं लग्न ठरत होतं. मुलगी चारकोपची. मी समोरच बसले होते. "आई, त्यांच्या कानावर गेलंय," तो म्हणाला. "मुलीचे वडील विचारत होते, तुमच्या आई घोड्यावर बसतात म्हणे. त्यांना नाही चालणार. मोडेल हे लग्न."

"कोणी सांगितलं त्यांना?"

"ते सोड ना. आपल्यात शोभतं का हे? बाबा गेले, आणि तू घोड्यावर बसतेस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अरे मेल्या, बाबा असताना तरी तिला कुठे बसायला मिळालं?" तर मलाच, "आत्या, तू मध्ये पडू नकोस." वहिनी "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने ते सलवार-कमीज बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला.

लग्न झालं. सून चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. वहिनी भजनी मंडळात जायला लागली, सगळ्यांना हायसं वाटलं. चालायला जाणं बंद, मालवणी बंद. गुडघे दुखतात म्हणायची, घोडीवर बसताना कधी दुखले नव्हते. शेवटची भेटले तेव्हा मी म्हटलं, "बसू नकोस, पण खाली जाऊन तिला एक चपाती तरी दे." तर म्हणाली, "नको गं. ती ओळखेल." आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं...

दहाव्याला मी खाडीवर गेले. बायकांनी जायचं नसतं म्हणे. मी गेले. पिंड मांडले, सगळे मागे सरून उभे राहिले. झाडावर सात-आठ कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ. संजय हात जोडून बोलायला लागला. गावचं घर सांभाळेन, बाबांचं श्राद्ध चुकवणार नाही, आत्याकडे लक्ष देईन. कावळे जागचे हलले नाहीत. शेवटी मला राहवेना. मी मोठ्याने म्हटलं, "संजय, म्हण, आई, तुला घोडीवरून उतरवलं ते माझं चुकलं."

"आत्या, इथे तमाशा नको," तो पुटपुटला.

त्याचे सासरे माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "कसली घोडी?"

मी फाडकन म्हटलं, "वहिनी बसायची ती. तुम्हीच हरकत घेतली होती ना, लग्न मोडेन म्हणालात!"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "आम्ही? अहो, आम्हाला हे आज कळतंय. विहीणबाई घोड्यावर बसायच्या? आधी कळतं तर मी बघायला आलो असतो हो."

मी संजयकडे पाहिलं. तो पिंडाकडे बघत होता. लाज त्याची स्वतःची होती आणि नाव त्याने त्या भल्या माणसाचं घेतलं होतं. आणि वहिनी, त्याचा संसार मोडू नये म्हणून, "बरं" म्हणून मोकळी झाली होती. तरी तो तोंड उघडेना. तीन शब्द बोलायचे होते, माझं चुकलं आई. अर्धा तास थांबलो आम्ही. ऊन चढलं, लोक घड्याळ बघायला लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि "झालं" म्हणाले. सगळे हातपाय धुवायला निघाले, त्यात संजय सगळ्यांच्या पुढे. वर झाडावर कावळे होते तसेच बसून होते.