बंबाचा रस्ता

नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर आम्ही सहा जण होतो आणि सहाही जण नगरपालिकेच्याच चाळीत राहत होतो. एका उन्हाळ्यात कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गंजीला आग लागली आणि छपराची जळती तुळई आमच्यातल्या एकाच्या पाठीवर आली. ती उचलायला चौघे लागलो. तो खालून बोलत होता. पाणी गंजीवर मारा, माझ्यावर वाया घालवू नका, असं सांगत होता. संध्याकाळी तो गेला. तेरावं झालं आणि त्याच्या बायकोला खोली रिकामी करण्याची नोटीस आली. सामान आम्हीच बैलगाडीत भरलं. मी बंबावरचा जमादार, सवयीने त्याची यादी केली, ती अर्ध्या पानात संपली.

उरलेल्या पाच जणांनी त्या बैलगाडीमागून परत येतानाच ठरवलं की आपण जागा घ्यायची. एक प्लॉट राहायला आणि एक भाव चढेपर्यंत ठेवायला. नवा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, गावात नव्या कचेऱ्या येत होत्या आणि मेहकरच्या सडकेने दुकानं पुढे सरकत चालली होती. सुट्टीच्या दिवशी आमच्यातलं कोणी ट्रकवर जायचं, कोणी लाकडं कापायच्या आरा मशीनवर. अशी दोन वर्षं काढल्यावर सडकेलगतचं एक पडीक वावर मिळालं. त्याचा मालक म्हातारा होता आणि ते तुकड्यांनी विकायला तयार होता. वावराच्या मागच्या टोकाला विहीर होती आणि तिला मे महिन्यातही पाणी होतं. दुसऱ्या कोणी आधी पटवाऱ्याचं दप्तर पाहिलं असतं. आम्ही विहिरीत डोकावलो आणि हो म्हणालो.

नकाशा मी काढला. त्यात घरांच्या आधी रस्ता आला. आमच्या कामातला माणूस कुठल्याही जागेवर गेला की पहिल्यांदा बघतो ते बंब आत जाईल का, आणि वळून बाहेर येईल का. ड्रायव्हरला आम्ही सगळे मामा म्हणायचो. मामांनी एका सकाळी सरावाच्या नावाखाली बंब त्या वावरात घातला, सडकेपासून विहिरीपर्यंत नेला, विहिरीपाशी गोल फिरवला आणि परत आणला. चाकांच्या खुणांच्या बाहेर दोन-दोन हात सोडून आम्ही दगड रोवले. म्हाताऱ्या मालकाला या सगळ्याची मौज वाटली. एवढी जागा तुमचीच समजा, असं तो म्हणाला. आम्ही तसं समजलो.

खरेदीखतं लिहिताना अर्जनवीसाला चतुःसीमा मीच सांगितल्या. दहाही कागदांवर एका बाजूला ‘बंबाचा रस्ता’ असं लिहवून घेतलं. तो कोणाच्या नावावर, हे एकाही कागदावर नव्हतं. मला ते सुचलं नाही. बंबाच्या वाटेत कोणी मुद्दाम उभं राहील, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. माझे दोन्ही सडकेला लागून निघाले, मामांचे अगदी मागे, विहिरीजवळ. बाकीचे भाव चढायची वाट पाहत बसले. मामांची नोकरी दीड वर्ष उरली होती, म्हणून त्यांनी लगेच जोतं घातलं. चाळीतली खोली सुटल्यावर त्यांना आणि मामींना जायला दुसरं छप्पर नव्हतं.

भिंती दाराच्या उंचीला आल्या तेव्हा म्हातारा मालक वारला. त्याचा मुलगा तिशीतला, अकोल्याला कुठल्याशा पेढीवर होता, तो परत आला. त्याने पटवाऱ्याकडे जाऊन कागद पाहिले आणि रस्त्याची पट्टी आपल्याच नावावर आहे हे त्याला कळलं. तिथे त्याला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची, आणि जळाऊ लाकडांची वखार टाकायची होती. पट्टी गेली तर मागच्या आठ प्लॉटना वाट उरत नव्हती, आणि मामांच्या घरात शिरायला वावरामागच्या नाल्यातून चढून यावं लागणार होतं. आम्ही वकिलाकडे गेलो. त्याने मी लिहवून घेतलेली दहा खरेदीखतं चाळली आणि विचारलं, बंब नगरपालिकेचा, जागा या मुलाची, मग यात तुमचं काय आहे? मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर महिन्याभरात पुन्हा जिनिंगला आग लागली. पहाटेपासून झुंजत होतो. पाणी उशिरा आलं म्हणून हमालांनी आमच्यावर दगड टाकले. एक दगड माझ्या हेल्मेटवर बसला आणि कानात शिट्टी वाजत राहिली. जळती रुई विझली असं वाटतं, पण आत धुमसत असते. ती पहारीने उकरावी लागते, आणि प्रत्येक उकरण्यासरशी तोंडावर ज्वाळ येते. दहाच्या सुमारास सुटलो. टाकीच्या तळाला थोडं पाणी उरलं होतं. बंब भरून ठेवल्याशिवाय स्टेशनला परत जायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून मामांनी तो आमच्या विहिरीकडे वळवला.

रस्त्याच्या तोंडाशी आडवा चर खणलेला होता. चराच्या मागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि मुलगा दोन मजुरांकडून खांब रोववून घेत होता. आमचे दगड उपटून बाजूला ढीग केला होता.

मामा खाली उतरले. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की बंब भरायचा आहे, चर बुजव, भांडण मागाहून करू.

“काऊन बुजवू?” मुलगा म्हणाला. “बापानं तोंडी देल्लं, ते बापासंगं गेलं. तुमी नाल्यातून जात जा ना, मामा. आग विझवनाऱ्याले पान्याचं काय भेव?”

मजूर हसले. मामांनी पुढे होऊन नुकताच रोवलेला खांब दोन्ही हातांनी धरला आणि हलवायला लागले. मुलाच्या हातात सब्बल होती, खड्डे खणायची लोखंडी पहार. त्याने ती खांबावर मारली. मामांच्या हातून खांब सुटावा म्हणून मारली असेल, मला माहीत नाही. मामांचा उजवा हात खांबावरच होता. त्यांनी हात वर घेतला आणि आम्हाला दाखवला. दोन बोटं उलट्या बाजूला वळली होती आणि नखांमधून रक्त मनगटाकडे ओघळत होतं. मुलाने सब्बल पुन्हा उचलली.

माझ्या कमरेला कुऱ्हाड होती. मी ती पाठीकडून वापरली, धारेने नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. पहिला फटका त्याच्या पोटरीवर बसला आणि तो वाकला, पण सब्बल सुटली नाही. दुसरा खांद्यावर. हंसळीचं हाड मोडल्याचा आवाज वाळकी पऱ्हाटी मोडल्यासारखा होता. तो चरात गुडघ्यावर आला, सब्बल सोडून दिली, डावा हात माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, “बस, जमादार. बस झालं.”

मी ऐकलं. त्याचा उजवा हात चराच्या काठावर टेकलेला होता. मी त्याच्या कोपरावर तिसरा फटका मारला.

चौथ्यासाठी कुऱ्हाड उचललेली असताना पाण्याचा लोट माझ्या छातीवर आला. आमच्याच माणसांनी पाइप जोडून माझ्यावर सोडला होता. टाकीत उरलेलं सगळं पाणी त्यांनी माझ्यावर घातलं. मी काट्यांच्या कुंपणात उताणा पडलो आणि कुऱ्हाड कुठे गेली ते कळलं नाही. मजूर पळाले. पळता पळता एकाने फेकलेल्या दगडाने आमच्या एका गड्याचा ओठ फाटला. मामा हात काखेत धरून चराच्या काठावर बसले होते आणि समोर तो मुलगा तोंडाने श्वास घेत होता. दोघांनाही आम्ही बंबावर घालून एकाच दवाखान्यात नेलं. मामांना शेजारी बसवून बंब मी चालवला. गिअर कधी टाकायचा ते ते सांगत होते.

पोलीस ठाण्यात दोन्हीकडून तक्रारी झाल्या. हवालदाराने सरळ सांगितलं की खटला उभा राहिला तर मुलगा जामिनावर घरी जाईल, तुम्ही मात्र नोकरीवरून घरी जाल. नोकरी गेली असती तर मामांचं पेन्शन अडकणार होतं आणि घर तसंच बिनछपराचं राहणार होतं. गावातले चार वडीलधारे मध्ये पडले. मुलाने पैसे मागितले नाहीत. वखारीला सडकेलगतची जागा हवी, ती दिली तर मागची पट्टी रस्ता म्हणून सगळ्यांच्या नावे लिहून देतो, असं म्हणाला. सडकेलगतचे दोन्ही प्लॉट माझे होते.

बाकीचे तिघे आपापल्या वाटणीतून मला तुकडा देऊ, असं म्हणाले. मी नको म्हणालो. चतुःसीमांमधली चूक माझी होती, आणि दोन फटक्यांत थांबलो असतो तर हवालदारासमोर आमची बाजू उभी राहत होती. घरी सांगितलं तेव्हा बायको पीठ मळत होती. ती मळत राहिली.

“हात त्याचा मोडला,” ती म्हणाली, “न् घर माह्यं.”

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही सगळे जमलो तेव्हा मामांच्या हाताचं बँडेज निघालं होतं. बोटं सरळ झाली नव्हती. स्टिअरिंग धरता येत नव्हतं, म्हणून नगरपालिकेने त्यांना बंबावरून उतरवून सामानाच्या कोठीवर बसवलं होतं. त्यांच्या घरावर मात्र पत्रे चढत होते.

मुलाचा हात अजून गळ्यात होता. कोपर वळत नव्हतं. मसुदा या वेळी मी चार जणांकडून वाचून घेतला होता: रस्त्याची लांबी, रुंदी, विहिरीजवळचं वळण, कोणाकोणाच्या सामाईक मालकीचा. अर्जनवीसाने त्याच्यापुढे टाक धरला. त्याने डाव्या हाताने सही करून पाहिली, ती जमली नाही. कारकुनाने अंगठा द्या म्हटलं. शिकलेला माणूस, त्याचं तोंड उतरलं. कागद टेबलावरून सरकत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि त्याने डावा अंगठा शाईत बुडवून टेकवला.

“पहिल्या दोनाचं मी काही म्हणत नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “माह्या हाती सब्बल होती. तिसरा काऊन मारला?”

मामांसाठी, असं सांगता आलं असतं. मामा मागेच उभे होते, त्यांनाही ते ऐकायला बरं वाटलं असतं.

“प्लॉटसाठी,” मी म्हणालो.

“हाव. मलेबी तसंच वाटलं होतं.” त्याने अंगठा पुसायला फडकं मागितलं. अर्जनवीसाकडे नव्हतं, म्हणून मी माझा रुमाल दिला.