जिल्हई

जिल्हई हा शब्द हल्ली ‘पॉलिश’ने मारला. मूळ शब्द अरबी. अर्थ चकाकी, उजाळा. आमच्या गावच्या मशिदीतले वृद्ध मौलवी मला सांगत, त्याच धातूपासून घरदार सोडून निघून जाणे या अर्थाचाही शब्द होतो. एका मुळाला ही दोन फळे कशी, हे मला पुष्कळ वर्षे उमगले नव्हते.

वडनेर भोलजीला मी मराठी शाळेत मास्तर होतो. संध्याकाळी गावातले मोठे शेतकरी बापूसाहेब यांच्या ओट्यावर बसायचे आणि त्यांच्या मोटारीचे किस्से ऐकायचे, हा परिपाठ. किश्श्यांचे असे आहे की ते कुणी रचत नाही. कापूस वेचताना ओटी भरावी तसे नकळत साठतात. ओझे कळते ते खाली ठेवताना!

*

वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चाले. मोटारीचे कागद नागपूरपर्यंत फिरून आले तेव्हा बापूसाहेबांना लोक विचारीत, “शेतकऱ्याले मोटार काऊन लागते?”

कारण घरात होते. त्यांच्या पत्नीला, माईंना, हृदयविकार जडला होता. बैलगाडीचे हिसके त्यांना वर्ज्य आहेत, असे अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावले होते. मोटार आली ती माईंसाठी.

जुना गाडीवान सखाराम मोटारीच्या दिमतीला लागला. चालवीत स्वतः बापूसाहेब. सखाराम पुसायला आणि ढकलायला. पहिल्याच आठवड्यात त्याने मोटारीच्या तोंडाशी बैलाची घुंगरमाळ बांधली.

“भोंगा हाये ना बे तिले!” बापूसाहेब ओरडले.

“भोंगा दाबला तं वाजते, मालक. घुंगरू चाललं की वाजते. तुम्ही अकोल्याहून येता तवा माईले घरात बसल्या कळते ना!”

घुंगरमाळ राहिली.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण असते. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण द्यायचे. बैलांचे झाल्यावर सखाराम वाटी घेऊन मोटारीपाशी गेला आणि दोन्ही मडगार्डांना हळद-तूप चोळू लागला!

“आवतन घ्या, उद्या जेवाले या,” तो मोटारीच्या कानात, म्हणजे आरशात, पुटपुटला.

ओटा हसून लोळला. बापूसाहेब म्हणाले, “अबे, रंग खराब होते!”

“हिचे बी खांदे दुखत असतीन ना, मालक!”

दारात उभ्या असलेल्या माई हसल्या. “खरंच दुखत असतीन. मले वागवते ती.” त्या पायऱ्या उतरल्या, वाटीतले हळद-तूप हातावर घेतले आणि मडगार्डाला चोळू लागल्या. दोन हात फिरले असतील नसतील, तोच त्यांना घेरी आली. आधारासाठी त्यांनी मोटारीच्या मागच्या दारावर पंजा टेकला. पाच बोटे पिवळी उमटली.

सखाराम फडके घेऊन धावला. माई म्हणाल्या, “राहू दे रे. तिलेही कळू दे, कोणी हात फिरवला म्हणून.”

तुपामुळे तो हात पावसाने गेला नाही.

*

कार्तिकात माईंना अकोल्याला नेले. त्या त्याच दारापाशी बसल्या होत्या.

चौथ्या दिवशी मोटार परत आली, ती थेट ओट्यासमोर उभी राहीपर्यंत गावात कुणाला कळले नाही. घुंगरमाळ सखारामाने वाटेतच काढून मांडीवर घेतली होती.

बापूसाहेबांनी मोटार घराला लागून असलेल्या आपल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात लावली, आणि गोदामाला कुलूप घातले.

*

त्यानंतरच्या वर्षी माघात मुलीचे, सुशीचे, लग्न ठरले. सासर लोणारकडे, सुलतानपूर. सुशी बापाला एवढेच म्हणाली, “बाबा, मले मोटारीतून पोचवा. माई जिच्यात बसत होती तिच्यातून.”

बापूसाहेब आत जाऊन गोदामाची किल्ली घेऊन आले. ती सखारामाला दिली. “धू. आरशासारखी पाह्यजे मले.”

मोटारीबरोबर मुंबईहून आलेला पॉलिशचा डबा कुणी उघडलेलाच नव्हता. त्यावरचे इंग्रजी लेबल वाचायला मला बोलावले. आतला माल वाळून खडा झाला होता. “हे काय असते, मास्तर?” सखारामाने विचारले. मी ऐटीत म्हणालो, “मेण!”

शब्दात चूक नव्हती. पण अर्धा अर्थ सांगणे हीही चूकच. मेण पातळ लावावे, वाळू द्यावे, मग पुसून काढावे, म्हणजे जिल्हई येते, हे सांगायला मी विसरलो. सखारामाने मोटार ओट्यासमोर आणून बैलासारखी घासूनपुसून धुतली, मधमाशांच्या पोळ्याचे मेण सरकीच्या तेलात पातळ केले आणि बोटभर जाड थापले.

जिन सुरू होते. हवेत रुई उडत होती. दुपारपर्यंत मोटारीला पांढरी, वीतभर दाढी आली!

“मास्तर,” ओट्यावरून कुणी ओरडले, “तुमच्या इंग्रजीनं मोटार म्हातारी केली!”

सव्वा वर्षात त्या ओट्यावर प्रथमच हसू ऐकले. बापूसाहेबही हसले, आणि हसता हसता उठून आत गेले.

*

मग उस्ताद करीमभाईंना बोलावले. ते सिकलगार, हत्यारांना धार आणि जिल्हई देण्याचे काम त्यांच्या घरी पिढीजात. मोटारीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. सभोवार फिरून ते म्हणाले, “बड्या तलवारीवानी हाये. फक्त म्यान नाही.”

गव्हाचा कोंडा गरम करून त्यांनी मेण आणि रुई उतरवली. मग जुन्या मलमलीची घडी करून, मेणाचा नखाएवढा तुकडा तळव्याच्या उबेने मऊ करीत ते पत्रा घोटू लागले. तीन दिवस घोटत होते. सखाराम म्हणाला, “चाचा, किती चढवता चकाकी?”

“चढवत नाही रे. ती आतच असते. तिच्यावरचं काढून राह्यलो.”

तिसऱ्या दिवशी ते मागच्या दारापाशी आले आणि थांबले. सगळी मोटार आरसा झाली होती. तेवढ्या दारावर वर्षाची धूळ जशीच्या तशी होती. पाणीही लागलेले नव्हते.

“हे काऊन सोडलं बे?”

सखाराम मान खाली घालून उभा राहिला. “ते मह्याच्यानं नाही होत, चाचा. त्या धुळीखाली माईचा हात हाये.”

बापूसाहेब ओट्यावरून ऐकत होते. ते उतरून आले. करीमभाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि हातातले मलमलीचे फडके पुढे केले.

“तुम्ही पुसा, मालक. हे आमचं काम नाही.”

ज्या माणसाने जन्मात मोटारीला फडके लावले नव्हते, तो उकिडवा बसला. एकेका बोटाएवढी धूळ निघू लागली. अंगठा आला. मग करंगळी. मग सबंध हात आला, तसाच पिवळा. बापूसाहेबांनी त्यावर आपला पंजा टेकवून पाहिला. त्यांचा हात मोठा होता. खालचा सगळा झाकला गेला. त्यांनी तो लगेच उचलला.

करीमभाई हळूच म्हणाले, “वरून मोम देऊ का? नाही तं ऊन खाईन हळदीले.”

“खाऊ द्या,” बापूसाहेब म्हणाले. “तिच्या हातावर कोनाचा हात नको.”

करीमभाईंनी ते दार पाच बोटांच्या कडेकडेने घोटले. त्या एका दाराला सबंध दिवस लागला.

सुशी त्याच दारापाशी बसली. बापूसाहेबांनी मोटार सुरू केली, तेव्हा सखारामाने घुंगरमाळ आणून बांधली. वेस ओलांडेपर्यंत ती ऐकू येत होती.

*

हा किस्सा आता नांदुऱ्यापासून मोताळ्यापर्यंत सांगतात, आणि सांगणारा शेवटी आवाज खाली आणून म्हणतो, “माईची हळद अजून हाये त्या दारावर.”

हे चूक आहे. हळद होळीपर्यंतसुद्धा टिकली नाही, उन्हाने नेली. दार सगळे चकाकते. मधे पाच बोटांची एक जागा आहे, तिला जिल्हई नाही.