ताईचा आवाज
जुन्या सीपीयूतून तापलेल्या धुळीचा वास आला की मला मुलुंडला ताईच्या घरी घालवलेली ती दुपार आठवते. घशाच्या ऑपरेशननंतर ताईला बोलता येत नव्हतं. मी तिच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही सिस्टिम आणि एक बोलणारा प्रोग्रॅम टाकून दिला होता; ती मराठीत टाइप करायची आणि कॉम्प्युटर ते सपाट, यंत्रासारख्या आवाजात बोलून दाखवायचा. वॉचमनलासुद्धा ती इंटरकॉमवरून त्याच आवाजात झापायची. "चाललंय ना नीट? मग हात नको लावूस," असं तिने त्या आवाजात मला बजावलं, तरी मी सिस्टिमचं अपग्रेड सुरू केलं. अर्ध्यावर डिस्क भरली आणि सगळं अडकलं. जागा मोकळी करून, अर्धवट बसलेली सॉफ्टवेअर्स दुरुस्त करून मी कसाबसा डेस्कटॉप परत आणला, पण तो बोलणारा प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालेना आणि त्याची जुनी आवृत्ती कुठेच मिळेना. "करतो गं काहीतरी," मी म्हणत राहिलो. सहा वाजता तिच्या मुलीचा रोजचा फोन आला. ताईने तो थोडा वेळ वाजू दिला आणि मग माझ्या हातात ठेवला. "आई कुठेय?" भाचीने विचारलं. "इथेच आहे, ऐकतेय," मी म्हणालो. नंतर मी ताईच्या मोबाइलवर दुसरा, गोड आवाज बसवून दिला. तिने तो एकदाच ऐकला, नको म्हणून मान हलवली आणि शेवटपर्यंत वहीतच लिहीत राहिली. ताई गेली त्याला आता दोन वर्षं झाली. भाची अजून मला विचारते, मामा, आईच्या त्या आवाजाचं एखादं रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे का रे?