मूठबाई

मूठबाईंना माणसाचं नाव नंतर, आधी मूठ लागायची. आमच्या वाटूरच्या पारावर कुणी म्हातारं माणूस दिसलं, की पिशवीतून एक यंत्र काढून त्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "दाबा. बराबर जोर लावून." काटा पुढे सरकला की म्हातारे असे फुशारायचे, जणू कुस्तीच मारली.

खरं तर त्या डॉक्टर. जालन्यातल्या मारवाडी जैन व्यापाऱ्याच्या घरातल्या. भाऊ दुकानात आणि या एसटीनं आमच्या गावात. म्हातारपणानं, आजारानं, नुसतं पडून राहण्यानं माणसाचे स्नायू कसे झिजतात आणि कसे टिकवता येतील, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. हात न टेकता खुर्चीवरून कोण उठतं, हेही त्या बघायच्या. गावाला फुकटची करमणूक. मीही पुष्कळ हसलो आहे.

मग आमचे दादा, म्हणजे वडील, टायफॉईडनं अंथरुणाला खिळले. ताप उतरला, पण पाय उभे राहीनात. आपल्या पायानं पुन्हा शेतात जायचं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. आणि आमच्याकडची रीत अशी, की सून घरात असताना सासऱ्यानं पाण्यासाठीसुद्धा उठायचं नाही. वहिनी तांब्या ओठाला लावायची, घास भरवायची. सगळी आळी तिचं कौतुक करायची. मूठबाई दादांना बघायला घरी आल्या, त्यांच्या मांडीवर हात ठेवून वहिनीला अगदी हळू म्हणाल्या, "पोरी, तू लय जीव लावून राह्यली. पण पायांना काम न्हाई दिलं, तर ते वाळणारच."

"चालतील ना पण?" मी विचारलं.

"सगळेच न्हाई चालत. कोण चालतं, कोण का न्हाई, तेच तर शोधून राह्यले मी."

त्यानंतर त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. आधी बाजेवरच पाय उचलणं, मग बाज धरून उभं राहणं. स्वतः कांदासुद्धा न खाणाऱ्या बाईंनी दादांना रोज अंडी खायला सांगितली, आणि सांगताना तोंड तेवढं फिरवलं.

एके दिवशी त्यांनी तांब्या दाराशी ठेवायला लावला. वहिनी रडकुंडीला आली. "लोक काय म्हणतील, भाऊजी? सासऱ्याला पाणी देत न्हाई म्हणतील." दादांनी पाणी मागितलं. शेजारची काकू लगबगीनं उठली, तर बाईंनी तिचं मनगट धरलं. "बसा काकू." दादा उठले. भिंत धरत, थांबत दारापर्यंत गेले, पाणी प्याले आणि दम लागलेल्या आवाजात म्हणाले, "उद्या तांब्या ओट्यावर ठेवा." पेरणीला ते शेतात होते. बाईंना मी आयुष्यभर मानलं ते त्या दिवसापासून.

बऱ्याच वर्षांनी कळलं, बाईंनाच मोठा आजार झालाय. मी आणि वहिनी जालन्याला गेलो. अंगावर काही उरलं नव्हतं, मला बघवेना. आम्हाला पाहून त्या हसल्या, खुर्चीच्या हातांवर भार देत उठल्या आणि पाणी आणायला निघाल्या. मी झटकन उठलो, तर वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं. "बसा भाऊजी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

ती शेवटची भेट. बाई भिंतीच्या आधारानं आल्या आणि दोन पेले आमच्या पुढ्यात ठेवले. अर्धंअधिक पाणी वाटेत सांडलं होतं. उरलेलं आम्ही दोघं थेंबही न ठेवता प्यालो.